उष्टी निब

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. ती माझ्या तोंडात घडलेली आहे.

तोंडात म्हणते आहे, ते चुकून नाही.

मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. या वयात गोष्टी रचून मला काही मिळवायचं नाही. तारीख १४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. जागा जर्मनीतल्या आखन गावातलं माझ्या मुलाचं घर, तिसरा मजला, जेवणाचं टेबल. वेळ दुपारचे सव्वाचार.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. खाली बस थांबत होत्या, शाळेतून सुटलेली मुलं ओरडत होती.

भीती म्हणाल तर ती नंतर वाटली. आधी वाटली ती किळस. ती अजून गेलेली नाही.

माझा मुलगा कपिल ड्रेस्डेनला चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे. सोमवारी पहाटे जातो, शुक्रवारी रात्री येतो. सून स्वरूपा आखनच्या विद्यापीठात पीएचडी करत होती. विषय जुन्या इमारतींचा. त्या हिवाळ्यात मी तीन महिने त्यांच्याकडे होते.

स्वरूपाच्या प्रबंधाचा माणूस होता डेनिस क्विलिगन. आयर्लंडचा, एकोणिसाव्या शतकातला. चर्च बांधायचा. विशीत तो जर्मनीत येऊन दगडी बांधकाम शिकला, परत गेला आणि चाळीस वर्षांत त्याने तिकडे एकतीस चर्च उभी केली. प्रत्येकावर उंच निमुळता मनोरा आणि मनोऱ्यावर तांब्याचा हिरवा पत्रा. नकाशावर तो पत्रा तो स्वतःच्या हाताने रंगवायचा. कुंचल्याला टोक यावं म्हणून ओठात धरायचा. त्या काळचा हिरवा रंग विषारी असे. चाळीस वर्षांनी त्याचं तोंड आतून सडलं.

शेवटी तो आखनला आला, इथल्या गरम झऱ्याचं पाणी प्यायला. ते अजून वाहतं गावाच्या मध्यभागी. सडक्या अंड्यांचा वास येतो त्याला. कपिलने मला पहिल्याच आठवड्यात दाखवायला नेलं होतं. मी पदर नाकाला लावून परत फिरले.

"याच पाण्याने गुळण्या करायचा तो, आई," स्वरूपा म्हणाली होती. "दिवसातून आठ वेळा. शेवटी शेवटी त्याच्या खोलीत कुणी जायचं नाही."

तो आखनमध्येच वारला. ज्या घरात भाड्याने राहत होता तिथे नकाशांची एक गुंडाळी मागे राहिली. फिरत फिरत ती विद्यापीठात आली होती.

आता स्वरूपाची अडचण सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

शेवटची दहा वर्षं क्विलिगनचे हात थरथरत होते. साधी सही जमत नव्हती. पण त्या दहा वर्षांतल्या नकाशांची रेघ विशीतल्या मुलासारखी स्वच्छ आहे. आणि ती त्याचीच आहे. तीच वळणं, तोच दाब. तिच्या प्रोफेसरबाई म्हणत, नकाशे मदतनिसांनी काढले असणार. स्वरूपा म्हणे, मग अकरा मदतनीस असताना हात एकच कसा दिसतो? चार वर्षं ती यावर खपत होती. शुक्रवारी दुपारी बाराला प्रबंध द्यायचा होता. त्याला ती अबगाबे म्हणायची. डिसेंबरअखेर तिची विद्यापीठातली नोकरीही संपत होती. अबगाबे चुकली की सगळं चुकलं.

आणि तीन नकाशांच्या स्वच्छ प्रती अजून तयार नव्हत्या. मूळ कागद विटलेले. कॉम्प्युटरवर काढायला गेलं की मनोऱ्यावरच्या दगडी पानांच्या रेघा वेड्यावाकड्या यायच्या.

बुधवारी संध्याकाळी ती टेबलावर डोकं टेकून बसली.

मी म्हटलं, "मी काढते."

"अहो आई, तुम्ही?"

"एकोणतीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

मी पुण्याला सार्वजनिक बांधकाम खात्यात ट्रेसर होते. एकोणीसशे एकोणसत्तर साली लागले. वरच्या साहेबांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे आम्ही शाईने उतरवून घ्यायचो. तेव्हा ट्रेसिंगचं कापड असायचं, निळसर, खळ लावलेलं. त्यावर खडूची पूड चोळली की शाई धरायची. पावसाळ्यात त्या खळीचा वास सगळ्या हॉलभर भरून राहायचा. अजून कुठे कोऱ्या कापडाला खळीचा वास आला की मी एकवीस वर्षांची होते.

आमचे हेड ट्रेसर होते आत्माराम देवस्थळी. त्यांचे दोन नियम. पहिला, नकाशातली चूक सुधारायची नाही. साहेबाने सात खिडक्या एका बाजूला आणि सहा दुसऱ्या बाजूला काढल्या असतील तर तुम्हीही तशाच काढायच्या.

दुसरा नियम निबेचा.

नवीन निबेवर कारखान्यातलं तेल असतं. शाई धरत नाही, ओघळते. म्हणून टाकाला निब लावली की ती आधी जिभेवरून फिरवायची. सगळे तसंच करायचे. शाई अडली की निब पुन्हा जिभेवर, म्हणून जीभ काळी व्हायची. आम्हा चौघी ट्रेसर बायकांना खात्यात काळजिभ्या म्हणत. आमचे हे, शशिकांतराव, लग्नानंतर मित्रांना सांगायचे, "जपून बोला, हिची जीभ खरीच काळी आहे."

पण देवस्थळी बजावायचे, "बाई, दुसऱ्याची चप्पल घाला हवी तर. दुसऱ्याची निब तोंडात घालू नका. हात बिघडतो."

आम्ही हसायचो.

गुरुवारी सकाळी स्वरूपाने नव्या निबांचं पाकीट, टाक, काळी शाई आणि ट्रेसिंग पेपर आणून दिला. मूळ नकाशे संग्रहातून बाहेर मिळत नाहीत, म्हणून त्यांचे त्याच मापाचे छापील फोटो होते. म्हणजे घरात त्या माणसाची एकही वस्तू नव्हती.

हे लक्षात ठेवा.

पहिले दोन नकाशे दीड वाजेपर्यंत झाले. हात थोडा कापत होता, पण जमलं. मी वरणभात खाल्ला, अर्धा तास पडले.

तिसरा मनोऱ्याचा. त्याच्या शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या चर्चचा. वरचा कोपरा फाटलेला, म्हणजे मनोऱ्याचं टोकच नाही. कागद ताणून चिकटवला. चहा करून शेजारी ठेवला.

आणि वास आला...

सडक्या अंड्यांचा.

मी गॅस पाहिला. फ्रिज उघडला. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला. नळ सोडून पाणी हुंगलं. त्याला काही वास नव्हता. खिडकी उघडली, बाहेरही नव्हता.

वास फक्त टेबलाशी होता. खुर्चीत बसल्यावर तोंडाच्या उंचीवर.

कुणी समोर बसून तोंड उघडं ठेवावं तसा.

मी स्वरूपाला फोन केला. ती विद्यापीठात छपाईच्या मागे होती.

"आखनचं पाणीच तसं आहे हो आई."

"नळाला नाही येत."

"मग ड्रेनेज असेल. इमारत सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरला मेल करते. आल्झो, बरं, तिसरा होईल ना?"

"होईल."

सव्वाचार वाजले होते. मी पाकिटातून नवी निब काढली. पाकीट मीच फोडलं होतं. चिमटीत धरून टाकाला लावली.

निब ओली होती...

मला वाटलं माझ्या बोटांचा घाम. पदराला पुसली. पदरावर तार आली. लाळेला येते तशी. लांब, चिकट. तुटेना.

मी ती निब बशीत टाकली. दुसरी घेतली.

तीही ओली. आणि कोमट.

शहाण्या बाईने तिथेच उठायला हवं होतं. पण पोरीची चार वर्षं त्या कागदावर होती. मी दोन्ही निबा गरम पाण्याने, साबणाने धुतल्या. कोरड्या केल्या. एक टाकाला लावली, शाईत बुडवली आणि रेघ ओढली. शाई ओघळली. तेल अजून होतं.

मग हात आपोआप वर गेला. सवयच ती. एकोणतीस वर्षांची.

मी निब जिभेवरून फिरवली.

काय चव होती ते सांगते, नाही सांगितलं तर तुम्हाला कळणार नाही. दात काढल्यावर तिथे साठतं त्या रक्ताची. त्यात सडकं अंडं. आणि त्याच्या खाली, अगदी खाली, गोड. नासलेल्या मांसाला येतो तसा गोडपणा. मी निब बाहेर काढली, पण चव बाहेर आली नाही. ती पसरली. गालांच्या आतून, हिरड्यांवरून, दातांच्या मागून. जिभेखाली कुणाची तरी लाळ साठत होती.

माझी नव्हती. आपली लाळ आपल्याला कळते.

माझ्या आईच्या घरी उष्ट्याचं फार कडक होतं. कुणाच्या पेल्याला तोंड लावायचं नाही. ती म्हणायची, उष्टं खाल्लं की त्या माणसाचं आपल्यात येतं. मला ते सगळं त्या क्षणी आठवलं.

आणि माझा हात चालू लागला...

कापत नव्हता.

मनोऱ्याच्या कडा, कमानी, दगडी पानं. पुण्यात ऐन तिशीतही माझी रेघ अशी नव्हती. मी पाहत होते, हात काढत होता. बाहेर बसचा आवाज थांबला. मुलांचा थांबला. भिंतीतले हीटिंगचे पाइप दिवसभर टकटक करायचे, तेही थांबले.

राहिला फक्त एक आवाज...

म्च.

ओठांतून कुंचला ओढून काढल्यावर येतो तसा. ओला, बारीक.

म्च.

माझ्या खांद्याजवळून.

मी वळले नाही. वळता आलंच नाही. हात फाटलेल्या कोपऱ्यापाशी पोचला होता. खाली नकाशा संपला होता. हात थांबला नाही. त्याने मनोऱ्याचं टोक काढलं, टोकावरचा क्रूस काढला, क्रूसाभोवती दगडी पानं काढली. मग टाक आपोआप आडवा झाला.

मी बेसिनकडे धावले. थुंकले.

शाई काळी होती. थुंकी हिरवी पडली.

ओकारी आली तशी घशाशी काहीतरी टोचलं. मी बोटं घालून ओढलं. केस होता. ताठ, तपकिरी, कुंचल्याचा असतो तसा. ओढत गेले तसा दुसरा आला, तिसरा आला, सगळे त्या चिकट लाळेत गुंतलेले. सात केस मी मोजले. घरात एकही कुंचला नव्हता.

पाणी सोडून सगळं वाहून जाऊ दिलं. आज वाटतं, ठेवायला हवं होतं. पण तेव्हा ती घाण डोळ्यांपुढे नको होती. चार वेळा दात घासले. मिठाच्या गुळण्या केल्या. चव जाईना, म्हणून टेबलावरचा चहा तोंडात घेतला, खळखळून फिरवला आणि थुंकायला बेसिनपाशी जाण्याआधी घोटभर तोंडातून परत कपात गेला.

हे लिहायला मला लाज वाटते. पण तसंच झालं.

साडेपाचला स्वरूपा आली. कोट न काढताच टेबलाशी गेली. कागदावर वाकली.

"आई, हे टोक?"

"असंच असेल असं वाटलं."

"वाटलं म्हणजे काय?" ती हसत होती, डोळ्यांत पाणी होतं. "मी चार वर्षं पाहतेय, मला का नाही वाटलं? मी हे तुटक रेघेत दाखवीन, अंदाज म्हणून. पण काय रेघ आहे हो. कपिलला सांगते, तुझी आई इथे नोकरीला लागतेय."

"वास येतोय का तुला?"

"कसला? नाही." ती खुर्चीत बसली. "सकाळपासून पोटात काही नाही. हा चहा तुमचा? गारच झालाय."

तिने कप उचलला.

आता इथे मला एक मागची गोष्ट सांगायला हवी.

दोन वर्षांपूर्वी मी आले होते तेव्हा स्वरूपाने आमटीतला डाव तोंडाला लावून चव पाहिली आणि तोच डाव परत आमटीत घातला. मी म्हणाले, "उष्टी केलीस सगळी." ती म्हणाली, "आई, हे माझं घर आहे." तीन दिवस आम्ही बोललो नाही. चौथ्या दिवशी कपिलने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आई, उष्टं हा शब्द या घरात पुन्हा नको." मी कबूल केलं. आणि पाळलं. त्यामुळेच आमचं दोघींचं इतकं छान जमलं होतं.

"मी पिते," स्वरूपा म्हणाली. माझ्याकडे पाहून मिस्कील हसली. "उष्टा आहे, माहितीये. माझी काही हरकत नाही, तुमची आहे का?"

माझ्या तोंडात शब्द आला होता.

तोंडात ती चवही होती.

मी म्हणाले, "नाही गं. पी."

तिने तो चहा तळापर्यंत प्यायला.

प्रबंध वेळेवर गेला. शनिवारी मी कपिलला सगळं सांगितलं, केसांचं सोडून. तो म्हणाला, "आई, तुला ॲसिडिटी आहे. आणि निबेवरचं तेल जुनं असेल." डॉक्टरांकडे नेलं. त्या बाईंनी तोंड तपासलं, रक्त तपासलं. काही निघालं नाही.

आठवड्याभरात माझ्या तोंडातली ती चव गेली. अगदी स्वच्छ गेली. मला बरं वाटायला हवं होतं.

पण ती जाते कुठे?

जानेवारीत मी पुण्याला परतले. फेब्रुवारीत स्वरूपाचा फोन आला. डब्लिनच्या एका संग्रहात त्याच मनोऱ्याचा दुसरा नकाशा सापडला होता, पूर्ण. टोक माझ्या टोकाशी तंतोतंत जुळत होतं. क्रूसाच्या एका बाजूला सात पानं, दुसऱ्या बाजूला सहा.

"चूक आहे ही त्याची," ती म्हणाली. "आणि तुम्हीही तीच केलीत. योगायोग तरी किती असावा."

मी काढताना पानं मोजली नव्हती.

"आणि ऐका, त्याच्या एका मदतनिसाचं पत्र मिळालंय. बहिणीला लिहिलेलं. किळसवाणं आहे हं. लिहितो, साहेब कुंचला आधी स्वतःच्या तोंडात ओला करतात आणि मग आमच्या हातात देतात. आम्हीही तो ओठात धरायचा, असा नियम आहे. कोरड्या कुंचल्याने इथे कुणी रेघ ओढत नाही. पहिल्या दिवशी मला ओकारी झाली. आता हात चांगला चालतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे प्रोफेसरबाईंना उत्तर मिळालं. अकरा माणसं आणि हात एकच. शिस्तच तशी होती."

ती पुढे वाचत होती. पान उलटलं.

आणि फोनमध्ये आवाज आला...

म्च.

"स्वरूपा, काय खातेस?"

"काही नाही. पेन होतं तोंडात. हल्ली सवय लागलीय, कपिल वैतागतो."

तिला ती सवय कधीच नव्हती. निब चाटण्याच्या माझ्या गोष्टी ऐकून तीच म्हणायची, आई, शी.

मे महिन्यात ती डॉक्टर झाली. प्रोफेसरबाईंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे. कपिलने फोटो पाठवला. हसताना तिच्या हिरड्या मला जरा काळपट वाटल्या. मी कपिलला विचारलं. तो म्हणाला, फोटोत तसं दिसतं. दाताच्या डॉक्टरकडे ती जात नाही, वेळ नाही म्हणते. गावातल्या झऱ्याच्या पाण्याने तिला बरं वाटतं. बाटलीत भरून आणते. तिला त्याचा वास येत नाही.

मी तिला सांगणार होते. दहा वेळा फोन हातात घेतला. काय सांगू? तू माझं उष्टं प्यायलीस, आणि मी पिऊ दिलं, कारण तो शब्द उच्चारायचा नव्हता?

म्हणून हे लिहिते आहे. तिने वाचावं.

गेल्या महिन्यात ती विद्यापीठात शिकवायला लागली. हाताने नकाशे काढण्याचा वर्ग. तिची रेघ पाहून लोक थक्क होतात. परवा व्हिडिओ कॉलवर मला वर्ग दाखवत होती. लांब टेबल, मुलंमुली खाली माना घालून बसलेली. प्रत्येकाच्या हातात टाक.

मी सहज विचारलं, "किती जण आहेत?"

"अकरा."

तिने पाकिटातून नवी निब काढली. टाकाला लावली. माझ्याकडे पाहत, बोलता बोलता ती जिभेवरून फिरवली, ओठांत धरली आणि ओढून काढली...

म्च.

मग शेजारच्या मुलीच्या हातात दिली.

"नव्या निबेवर तेल असतं ना आई, तुम्हीच सांगितलंत," स्वरूपा म्हणाली. "मी सगळ्यांना आधी ओली करूनच देते."

त्या मुलीने जराशी मान फिरवली. तोंड वेडंवाकडं झालं तिचं. पण तिने निब ओठांना लावली.

आणि तिचा हात चालू लागला.